मदत हवी आहे: सरळ पकड तशीच राहील, पण वळताना पाय सुटेल अशी स्टडची मांडणी?

नटबोल्ट

नमस्कार मंडळी. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही दोघी मैत्रिणी फुटबॉलच्या बुटाची सोलप्लेट, म्हणजे तळाची पट्टी आणि तिच्यावरचे जमिनीत रुतणारे खुंट (स्टड), डिझाइन करतोय. गुडघ्यातल्या एसीएल लिगामेंटवर येणारा पीळ कमी करायचा, एवढंच उद्दिष्ट. एसीएल तुटते तेव्हा बहुतेक वेळा समोरच्याचा धक्का लागलेलाच नसतो. खेळाडू धावता धावता दिशा बदलतो, बूट जमिनीत रुतून बसतो, अंग वळतं, पाऊल वळत नाही आणि मधल्या मधे गुडघा सापडतो.

वाचलेल्यापैकी दोन गोष्टी सांगते. जोसेफ टॉर्ग यांनी १९७१ साली अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुलांचा अभ्यास छापला. पाऊण इंची सात स्टडच्या बुटांऐवजी आखूड आणि संख्येने दुप्पट, म्हणजे चौदा स्टडचे बूट वापरल्यावर गुडघ्याच्या दुखापती कमी झाल्या. मग १९९६ चा लॅम्बसन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास: ३११९ खेळाडू, तीन हंगाम, ४२ एसीएल दुखापती. सोलच्या कडेने लांब स्टड आणि आत छोटे टोकदार, अशी 'एज' मांडणी पिळाला सर्वांत जास्त विरोध करत होती, आणि एसीएल तुटण्याचं प्रमाणही तिच्यातच जास्त होतं.

आता अडचण. स्टड आखूड केले की वळताना पाय सुटतो हे खरं, पण वेग घेताना आणि थांबतानाही तो सुटतो. घसरणारा बूट कोण घालेल? एक पकड कमी करून दुसरी तशीच ठेवता येते का? आणि चाचणीसाठी हिरवळीच्या ट्रेवर बूट ठेवून, वर वजन टाकून टॉर्क रेंचने (पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजणाऱ्या पान्याने) फिरवायचा विचार आहे. फिफाच्या कृत्रिम मैदानांच्या चाचणीत ३० ते ४५ न्यूटन-मीटर हा पट्टा दिसला. तोच 'सुरक्षित' म्हणून धरला तर चालेल का?

तिरकी_किक

ब्लेड (चपटे, लांबट स्टड) नकोत, गोल स्टड घ्या. विषय संपला. :)

ओळंबा

विषय इतक्यात संपत नाही, तिरकी_किक. ब्लेड कुठल्या दिशेला बसवलंय त्यावर सगळं आहे.

नटबोल्ट ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. सरळ रेषेतली पकड म्हणजे सगळ्या स्टडच्या विरोधाची बेरीज. स्टड कुठे आहे याला तिथे फारसं महत्त्व नाही. पिळाच्या बेरजेत मात्र प्रत्येक स्टडचा विरोध गुणिले फिरण्याच्या केंद्रापासूनचं त्याचं अंतर असं येतं. चवड्याखालचे आठ स्टड ४ सेंमी त्रिज्येवरून ३ सेंमीवर आणले, तर संख्या आणि लांबी तीच ठेवून चवड्याचा पीळ पाव हिश्श्याने उतरतो. 'एज' मांडणीने नेमकं उलटं केलं होतं, लांब स्टड सगळ्यात दूर. फार जवळही आणू नका, नाहीतर मधली माती एकाच ढेकळासारखी सरकते आणि सरळ पकडही जाते.

वर्तुळाचा आणखी एक फायदा: पाऊल फिरलं की मागचा स्टड पुढच्याने पाडलेल्या चरातूनच जातो, म्हणून विरोध कमी. ब्लेड वापरायचीच असतील तर वर्तुळाच्या रेषेतच बसवा. फिरताना पातळ धार पुढे येते, आणि सरळ जोर लावला की काही ब्लेडं रुंद बाजूने आडवी येतातच.

पण खरा चोर टाचेत आहे. चवड्यापासून टाचेचे स्टड सहज १६ सेंमी लांब असतात. सगळ्या स्टडवर सारखाच विरोध धरा: चवड्याचे आठ गुणिले ४ म्हणजे ३२, टाचेचे चार गुणिले १६ म्हणजे ६४, एकूण ९६. टाच टेकलेली असताना पीळ तिप्पट! प्रत्यक्षात भार सारखा वाटला जात नाही, तरी कल आकड्यांवरून कळतो. तुमच्या प्रश्नात टाचेचा उल्लेखच नाही.

चाचणीच्या रिगबद्दल (मांडणीबद्दल): ३० ते ४५ हा आकडा मैदानाचा आहे, बुटाचा नाही. सहा स्टडची ठरावीक चकती, तिच्यावर ४६ किलो वजन, ती फिरवून गवत मोजतात. त्यातून गुडघा कधी तुटेल ते कळत नाही. बुटासाठी एएसटीएम एफ२३३३ ही बूट-मैदान पकड मोजण्याची प्रमाणित पद्धत बघा. आणि वजन कमीत कमी एका माणसाएवढं तरी ठेवा. हलक्या भाराखाली स्टड पूर्ण रुततच नाहीत, मग सगळीच डिझाइनं निर्दोष दिसतात.

गुडघेदुखी_तज्ज्ञ

फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून दोन शब्द. फक्त कमाल टॉर्क नोंदवू नका. व्हिडिओंच्या विश्लेषणात एसीएल तुटण्याचा क्षण पाऊल टेकल्यावर साधारण ४० मिलिसेकंदांत येतो. तेवढ्यात पाऊल फार थोडं फिरलेलं असतं, त्यामुळे पहिल्या काही अंशांत पीळ किती झपाट्याने चढतो हे महत्त्वाचं. टॉर्क रेंच हाताने सावकाश फिरवाल तर ते निसटेल. कोन आणि टॉर्क एकत्र नोंदवणारा सेन्सर लावा.

तिरकी_किक यांचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका. काही ब्लेडच्या बुटांत पावलाच्या बाहेरच्या कडेवर दाब वाढलेला दिसलाय, आणि पाचव्या मेटाटार्सलचे (करंगळीमागच्या पावलातल्या हाडाचे) ताण-फ्रॅक्चर तिथेच होतात. दुसरं टोक म्हणजे प्लेट फार लवचिक केली की अंगठ्याचा सांधा मागे जास्त वाकतो, म्हणजे 'टर्फ टो'. एक दुखापत टाळताना दुसरी ओढवून घेऊ नका.

आणि अहवालात प्रामाणिकपणे लिहा की गुडघा आत झुकणं, ताठ पायावर उतरणं हे बूट सुधारत नाही. त्यासाठी फिफा ११+ सारखे वॉर्म-अप आहेत आणि त्यांचा परिणाम चाचण्यांत दिसलेला आहे.

हवेतला_बॉल

बाळबोध शंका: चवड्याखाली फिरती चकतीच का बसवत नाहीत? किंवा स्कीच्या बाइंडिंगसारखा (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीसारखा) जोर वाढला की सुटणारा स्टड?

ओळंबा

फिरत्या चकतीचा बूट होऊन गेलाय. १९७३ मध्ये कॅमेरॉन आणि डेव्हिस यांनी त्याचा अभ्यास छापला, दुखापती कमी झाल्याचंही नोंदवलं. आज मैदानावर मात्र तो दिसत नाही. बाइंडिंगचं म्हणाल, तर स्कीमध्ये नडगीची हाडं मोडणं त्यामुळे खूप घटलं, पण गुडघ्याच्या लिगामेंटला तसा दिलासा मिळाला नाही. बाइंडिंग नडगी वाचवण्याच्या हिशेबाने सुटतं, गुडघ्याचं गणित निराळं.

नटबोल्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. चवड्याला ३ सेंमीचं वर्तुळ, त्यावर आठ गोल स्टड, असं पहिलं मॉडेल थ्रीडी प्रिंट करतोय. सेन्सरसाठी विभागाकडे अर्ज टाकलाय. चाचणी दोनदा करू, एकदा फक्त चवडा टेकवून आणि एकदा पूर्ण पाऊल. टाचेचे स्टड आखूड करायचे की चारावरून दोनवर आणायचे, यावर आमच्या दोघींत वाद चालू आहे. कुणाचं काही मत?

ओळंबा

आधी आखूड करून बघा. संख्या घटवली तर थांबताना उरलेल्या दोघांवर सगळा भार येईल आणि टाचेला ते टोचतील. आणि ट्रेमधली माती प्रत्येक फेरीनंतर बदला, ओलावाही नोंदवा. कोरड्या आणि ओल्या मातीतला फरक तुमच्या दोन डिझाइनांमधल्या फरकाहून मोठा निघू शकतो.