सांगलीत बँडसाठी जुन्या कॉम्बो ऑर्गनचा आवाज देणारा कीबोर्ड, बजेट २५ हजार

विश्रामबाग_बँड

नमस्कार मंडळी. आमचा सांगलीत पाच जणांचा बँड आहे, दोन गिटार, बास, ड्रम आणि कीबोर्डवर मी. निम्मा प्रोग्राम जुन्या हिंदी गाण्यांचा असतो आणि निम्मा साठच्या दशकातल्या इंग्लिश रॉकचा. दोन्हीकडे मला तो एक पातळ, जरा नाकातला, टोचणारा ऑर्गन हवाय. चर्चमधला भारदस्त नको आणि तो स्पीकर फिरवत गरगरणारा हॅमंड पण नको. व्हॉक्स कॉन्टिनेंटल आणि फारफिसा कॉम्पॅक्ट या कॉम्बो ऑर्गनची, म्हणजे बँडसाठीच्या हलक्या इलेक्ट्रिक ऑर्गनची नावं वाचली, ऐकलं तर अगदी तोच आवाज, पण नॉर्डसारख्या ज्या कीबोर्डात तो मिळतो त्यांच्या किमती आमच्या आवाक्यातल्या नाहीत.

सध्या माझ्याकडे यामाहाचा पीएसआर आय-सिरीजचा कीबोर्ड आहे, लग्नाच्या ऑर्केस्ट्राला सगळे वापरतात तसलाच. बजेट ओढूनताणून २५ हजार, सेकंडहँड चालेल, घ्यायला कोल्हापूर पुण्यापर्यंत जाईन. गणपतीच्या आधी सेट बसवायचाय. काय घेऊ?

मिरजेचा_पेटीवाला

दादा, काही घ्यायच्या आधी तुमच्याच पीएसआरच्या पोटात बघा. त्याच्या व्हॉइस लिस्टमध्ये पुढचे नेहमीचे आवाज संपले की एक्सजी लाइट नावाचा लांबलचक भाग लागतो, तिथपर्यंत कुणी डायल फिरवतच नाही. त्यात सिक्स्टीज ड्रॉबार ऑर्गन १, २, ३ असे आवाज असतात आणि खाली चीझी ऑर्गन नावाचा एक असतो. तो चीझी लावा आणि मधल्या सप्तकाच्या वर वाजवून बघा.

नुसता आवाज लावून भागणार नाही मात्र. फंक्शनमध्ये जाऊन टच रिस्पॉन्स ऑफ करा. या जुन्या ऑर्गनना पट्टी हळू दाबली की जोरात हे कळतच नव्हतं, दाबली की आवाज चालू, सोडली की बंद, मधे काही नाही. सस्टेन बंद, कोरस बंद, रिव्हर्ब जवळजवळ शून्यावर आणा. रोटरी इफेक्ट, म्हणजे तो फिरत्या स्पीकरचा आवाज, असेल तर तो पहिला काढा, कारण तो हॅमंडचा साथीदार, तुम्हाला नकोय. व्हॉक्सला स्वतःचा व्हायब्रेटो होता, म्हणजे सूरच बारीक थरथरतो, तो मॉड्युलेशनने थोडासा द्या.

फरक कुठून येतो ते सांगतो, मला या विषयात फार रस आहे. हॅमंडच्या बी-३ मध्ये ९१ दातेरी चाकं मोटरवर फिरत असतात आणि चुंबकापुढून गेली की सूर तयार होतो. १९६२ ला व्हॉक्स कॉन्टिनेंटल आला आणि १९६४ ला फारफिसा कॉम्पॅक्ट, यांच्यात चाकं नाहीत, सगळं ट्रान्झिस्टरवर. वरच्या सप्तकाचे बारा स्वर देणारे बारा ऑसिलेटर, आणि त्याच स्वराची कंपनं निम्मी, परत निम्मी करत खालची सप्तकं बनवायची. त्यामुळे वाद्य हलकं झालं, गाडीत टाकून नेता आलं, म्हणून बँडवाल्यांनी उचललं. आवाजात ती जी कडक, करकरीत धार आहे ती या सर्किटची.

आणि फारफिसा हे नावच इटलीतल्या अकॉर्डियनच्या एकत्र आलेल्या कारखान्यांचं आहे. त्यामुळे पेटी किंवा अकॉर्डियन वाजवणाऱ्याचा हात त्यावर लगेच बसतो. आमच्याकडे मिरजेत सतार तंबोऱ्याचं नाव मोठं, पण पेटी दुरुस्तीला आली की मी स्टॉप ओढून सूर कसा जाड होतो ते बघत बसायचो, ड्रॉबार म्हणजे ऑर्गनवरच्या ओढायच्या दांड्या, त्यांचं काम तसंच समजा. जास्त ओढला की तो सूर जास्त मिसळतो.

कराडचा_रोलँडवाला

पेटीवाले दादा बरोबर बोलतायत. भर एवढीच की रोलँड किंवा दुसऱ्या कुठल्याही कीबोर्डवर जीएम २ (कुठला आवाज कुठल्या नंबरला हे ठरवणारं प्रमाण) असं लिहिलेलं असेल तर त्यात हा आवाज असतोच. प्रोग्राम १७ म्हणजे ड्रॉबार ऑर्गन, त्याच्या बँकमध्ये तिसऱ्या जागेला इटालियन सिक्स्टीज ऑर्गन. इटालियन म्हटलं की फारफिसाच की राव. काही कीबोर्डावर नाव नुसतं सिक्स्टीज ऑर्गन येतं. बँक नंबर टाकायचा असेल तर त्याचे दोन भाग असतात, एमएसबी १२१, एलएसबी २. दुकानात गेलात की हाच आवाज लावायला सांगा, दुकानदार पियानो आणि स्ट्रिंग वाजवून दाखवतो आणि आपण भुलतो.

पण मनापासून सांगतो, तुमचा सेट अर्धा रॉकचा आहे तर यामाहा रिफेस वायसी शोधा. २०१५ ला आला. छोटा आहे, ३७ बारीक पट्ट्या, वजन दोन किलोच्या आत, सहा पेन्सिल सेलवर पण चालतो. त्याच्यात पाच ऑर्गन आहेत, हॅमंडसारखा, व्हॉक्ससारखा, फारफिसासारखा, एसटोनसारखा आणि यामाहाच्या स्वतःच्या जुन्या वायसीसारखा, एक खटका सरकवला की बदलला. वर नऊ ड्रॉबार खरोखरचे, गाणं चालू असताना हाताने खालीवर करायचे. हे महत्त्वाचंय भावा, कारण या आवाजाचा जीव ड्रॉबार हलवण्यात आहे, कडव्याला दोनच ओढायचे आणि मुखड्याला परत येताना वरचा बारीक आवाज उघडायचा, गिटारवाल्यांच्या गोंगाटातून तो बरोबर वर येतो. पीएसआरवर हे जमत नाही, तिथे आवाज एकच राहतो.

नवा तुमच्या बजेटच्या वर जाईल. सेकंडहँड मात्र घरात पडून असलेले निघतात, लोक हौसेनं घेतात आणि बारीक पट्ट्यांना कंटाळून विकतात. घेताना प्रत्येक ड्रॉबार हळूहळू सरकवून बघा, मधेच खरखर किंवा उडी आली तर भाव पाडा नाहीतर सोडा.

विश्रामबाग_बँड

पेटीवाले दादा, काय सांगू! चीझी ऑर्गन लावला, टच ऑफ केला आणि आमचा ड्रमर बाहेरून आत आला हे काय लावलंस विचारत. डाव्या हाताने अर्ध्या मात्रेवर तोडून तोडून कॉर्ड मारले की झालंच तयार. हिंदी गाण्यांना तर एवढ्यावर भागेल असं वाटतंय.

कराडचे दादा, रिफेसचे व्हिडिओ बघितले, आवाज खरंच भारी, पण ३७ बारीक पट्ट्यांवर माझा हात बसणार नाही. पीएसआरच्या मोठ्या पट्ट्या वाजवून आवाज रिफेसचा काढता येईल का? मिडी केबल (एका कीबोर्डने दुसऱ्याचा आवाज वाजवायची केबल) लावून होतं म्हणे. माझ्या कीबोर्डच्या मागे फक्त ती प्रिंटरसारखी चौकोनी यूएसबी आहे.

सातारी_सिंथ

थांबा, केबल घ्यायच्या आधी हे वाचा, इथेच लोकांचे पैसे जातात. पीएसआरची ती चौकोनी यूएसबी कॉम्प्युटरला जोडायची आहे. रिफेसची यूएसबी पण तशीच. दोन्हीकडे मालक कॉम्प्युटर असावा लागतो, त्यामुळे दोघांना एकमेकांना थेट जोडलं तर काहीच होत नाही. रिफेससोबत एक छोटी केबल येते तिला पाच पिनांचे गोल मिडी इन आणि आउट असतात, सेकंडहँड घेताना ती केबल आहे का हे आधी विचारा, बऱ्याचदा तीच हरवलेली असते. आता समोरून गोल मिडी आउट असलेला कीबोर्ड लागणार, जुन्या रोलँड कॉर्गला असतो, तुमच्या पीएसआरला नाही. मग मधे यूएसबी मिडी होस्ट नावाची डबी लावावी लागते, ती कॉम्प्युटरचं काम करते. होतं, पण स्टेजवर अजून एक डबी, अजून एक अडॅप्टर.

त्यापेक्षा घरात बरा लॅपटॉप असेल तर तुमचा पीएसआर आहे त्याच चौकोनी यूएसबीनं लॅपटॉपला लावा. आर्टुरिया कंपनीची फारफिसा व्ही आणि व्हॉक्स कॉन्टिनेंटल व्ही अशी दोन सॉफ्टवेअर आहेत. डेमो फुकट मिळतो, २० मिनिटांनी बंद पडतो, पण आवाज पटतो का ते ठरवायला पुरे. घ्यायचं तर सेलमध्ये घ्या, त्यांचे सेल वरचेवर लागतात. विंडोजवर पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा आला तर असिओफोरऑल नावाचा फुकटचा ड्रायव्हर टाका आणि त्यातला बफर, म्हणजे आवाज आधी साठवायचा आकडा, कमी करत जा, कटकट आवाज येईल तिथे एक पायरी मागे या. आणि लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून सरळ मिक्सरला देऊ नका, चार्जर लावला की घूं आवाज येतो. मधे डीआय बॉक्स, म्हणजे आवाज मिक्सरला नीट पोचवणारी डबी घ्या, ग्राउंड लिफ्टचं (ती घूं तोडणारं) बटण असलेला.

अजून एक वेगळी वाट सांगतो, कराडच्या दादांना पटणार नाही कदाचित. तुमच्याकडे दोन गिटार आहेत ना? इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं बी-९ नावाचं पेडल येतं, गिटारचा आवाज ऑर्गनमध्ये बदलतं, त्यात एक सेटिंगच कॉन्टिनेंटल नावाचं आहे. एका गिटारवाल्यानं ते घेतलं तर तुम्ही मोकळे पियानो स्ट्रिंग वाजवायला.

कराडचा_रोलँडवाला

नाही पटत दादा. पेडल चांगलंय, पण गिटारची तार किती वेळ वाजणार, ऑर्गनचा सूर पट्टी धरून ठेवली की तसाच राहतो, चार मात्रा धरायचा तर धरायचा. कीबोर्डवाला बँडमध्ये असताना ऑर्गन गिटारवर कशाला. फक्त गिटारच असलेल्या बँडला ठीक आहे.

लॅपटॉपचं मात्र बरोबर. आमच्याकडे मांडवात लाइट खालीवर होते म्हणून मी लॅपटॉप टाळतो, तुमचे कार्यक्रम हॉलमध्ये असतील तर बिनधास्त.

मिरजेचा_पेटीवाला

अजून एक. कुणीतरी तुम्हाला खरा जुना फारफिसा किंवा यामाहा वायसी दाखवेल, लाकडी बॉडी, रंगीत खटके, बघितला की मन जातं. घ्यायला हरकत नाही पण सी ते बी बाराही स्वर प्रत्येक सप्तकात वाजवून बघा. एखादा स्वर सगळ्या सप्तकांत बेसूर किंवा मुका असला तर त्याचा ऑसिलेटर गेला, एखाद्याच सप्तकापासून खाली मुका असला तर डिव्हायडर, म्हणजे कंपनं निम्मी करणारा भाग. दुरुस्त होतं, पण सर्किट समजणारा माणूस हाताशी हवा. अमेरिकेतून आलेला असला तर तो ११० व्होल्टवर चालतो का ते मागच्या पट्टीवर वाचा, इथल्या २३० वर लावलात तर संपला.

आणि काहीही घेतलंत तरी आवाज पीएत, म्हणजे हॉलच्या मोठ्या स्पीकरांत, सरळ देऊन बघा, मग गिटारच्या अॅम्पमधून देऊन बघा. अॅम्पचा थोडा गेन वाढवला की तो खरवडलेपणा येतो. फक्त बास कमी ठेवा, तुमच्याकडे बासवाला आहे त्यामुळे डावा हात खाली नेऊच नका. डोअर्स या अमेरिकन रॉक बँडच्या कीबोर्डवाल्या रे मॅन्झारेकला डाव्या हाताने वेगळ्या कीबोर्डवर बास वाजवावा लागायचा कारण त्यांच्याकडे स्टेजवर बासवाला नव्हता.

विश्रामबाग_बँड

ठरलं तर मग. गणपतीला पीएसआरवरच चीझी ऑर्गन आणि गिटारचा अॅम्प, लॅपटॉपवर दोन्ही डेमो या रविवारी लावतो आणि पोरांना डोळे मिटून ऐकवतो, बघू कुठला निवडतात. रिफेस शोधत राहतो, पण गोल मिडीवाला जुना कीबोर्ड आधी मिळाला तरच. सातारी दादा, डीआय बॉक्स एकच चॅनलवाला पुरतो का दोन लागतात?

सातारी_सिंथ

एकच पुरतो. कॉम्बो ऑर्गन मोनोच होते, सॉफ्टवेअरमध्ये आउटपुट मोनो करा, स्टिरिओ कोरस वगैरे असेल तो काढा. फक्त लॅपटॉपच्या भोकातून निघणारी केबल डावं उजवं एकत्र करणारी घ्या, साधी मोनो पिन घुसवली तर एक बाजू शॉर्ट होते.