सासऱ्यांच्या ट्रस्टमधला फ्लॅट घटस्फोटात सुनेला मिळतो का?

डावी_भुसारी: काल सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी टाकलं, "मुलाचं लग्न ठरलं की आधी सगळं फॅमिली ट्रस्टमध्ये टाका, नाहीतर घटस्फोटात सून अर्धं घेऊन जाते." म्हणजे घरदार मुलाच्या नावावर नकोच, ट्रस्टच्या नावावर ठेवा, ट्रस्टी सांभाळतील. खाली पंधरा अंगठे! अहो, अर्धं कुठल्या कायद्यात? नवराबायकोची सामायिक मालमत्ता हा प्रकारच आपल्याकडे नाही, गोवा सोडून. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ म्हणजे लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून आलेल्या वस्तू, तेवढंच कोर्ट वाटून देतं. बाकी पोटगी. मुलीनं अजून माप ओलांडलं नाही तोवर तिला चोर ठरवून मोकळे.

अर्धवकील: कायदा बरोबर, पण खरी गोम पोटगीतच आहे. कलम २५ मध्ये नवऱ्याचं उत्पन्न आणि मालमत्ता दोन्ही बघतात, पोटगीचा बोजासुद्धा चढवता येतो, पण *त्याच्या* स्थावर मालमत्तेवर. आता फ्लॅट ट्रस्टचा, गाडी ट्रस्टची, आणि साहेब बाबांच्याच कंपनीत पंचवीस हजारांवर "नोकरी" करतात. माझ्या मावसबहिणीच्या केसमध्ये हेच झालं, तीन वर्षं शिवाजीनगर कोर्टाच्या खेपा. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या रजनेश-नेहा निकालापासून दोघांना मालमत्तेचं अ‍ॅफिडेव्हिट द्यावं लागतं, त्यावरून ट्रस्टडीड बाहेर निघालं तर तारीख हिच्या नोटिशीनंतर दोन आठवड्यांची!! फ्लॅट नाही मिळाला, पण हा बिनभाड्याचा राहतो कुठे ते बघून रक्कम वाढवून दिली.

शनिपार: ताई, सगळे ट्रस्ट लबाडीचे नसतात. माझी धाकटी मुलगी गतिमंद आहे. आमच्यामागे तिचं कोण बघणार म्हणून २०१६ साली ट्रस्ट केला, तेव्हा थोरल्याचं लग्न ठरलंसुद्धा नव्हतं. त्यात त्याचंही नाव आहे, पण कोणाला किती द्यायचं ते ट्रस्टी ठरवणार. त्याच्या हातात आज दमडी नाही, मग ती त्याची मालमत्ता कशी धरायची?

अर्धवकील: तुमचं वेगळं आहे काका. मान्य.

सातबारा: सुनांचं काय घेऊन बसलात, आधी पोटच्या मुलींना द्या! वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतका वाटा, असा १९९४ ला महाराष्ट्रानं कायदा केला, २००५ ला देशानं, उपयोग शून्य. हिंजवडीच्या बाजूला भाव आला तसे माझे मेव्हणे गाडी घेऊन दारात, "ताई, फक्त एक सही." हक्कसोड झालं, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद, बदल्यात साडी. पैठणीसुद्धा नाही हो, साधी कॉटनची.

डावी_भुसारी: विषय ट्रस्टचा आहे. आणि सही केलीच कशाला? शिकलेल्या आहेत ना वहिनी?

सातबारा: तुम्हाला बोलायला काय जातंय! सही नाही केली तर भाऊबीजेला कोणाच्या दारात जायचं तिनं? आई होती तोवर रोज फोन, "पोरी, भावाशी वाकडं घेऊ नको." कोथरूडात बसून कलमं सांगणं सोपं असतं.

अर्धवकील: यावर सातबारांना फुल सपोर्ट. आमच्या आजोळीही पाच बहिणींना एकाच दिवशी एकाच टेम्पोत बसवून नेलं होतं.

शनिपार: सातबारा, एक विचारू? तुमच्या बहिणींनी तुम्हाला हक्कसोड दिलं का नाही?

सातबारा: आमचं वेगळं होतं. त्यांनी आपणहून दिलं.

डावी_भुसारी: 😂😂 साडी कुठली घेतली होती?

सातबारा: वैयक्तिक होऊ नका.

डावी_भुसारी: बरं, मूळ मुद्द्यावर या. नोटीस आल्यावर केलेला ट्रस्ट लबाडी, शनिपार काकांचा रास्त, एवढं माझ्याकडून घ्या आणि खूश व्हा. पण आमच्या ग्रुपवरच्या काकांना आणखी एक सांगा कोणीतरी. २०२० चाच सतीश आहुजा निकाल आहे, घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी संसार तिथे झाला असेल तर सून घरगुती हिंसाचार कायद्याखाली तिथे राहण्याचा हक्क मागू शकते. मालकी नाही, राहणं. मग बसा ट्रस्टडीड उशाला घेऊन.

शनिपार: हे मला आमच्या वकिलानं सांगितलंच नाही. फी मात्र पूर्ण घेतली.

सातबारा: अर्धवकीलताई, ते हक्कसोड रद्द करता येतं का? बायको विचारतेय.

अर्धवकील: फसवून सही घेतली असेल तर दावा लावता येतो, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत. सही कधीची?

सातबारा: २०११.

शनिपार: आणि बहिणींची?