शेकरूची शेपटी टिकत नाही, आणि दर काय लावू?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. मी चिपळूणची. स्टोनवेअर (चढ्या आचेवर भाजायच्या) मातीचे बोटभर उंचीचे प्राणी करते, सगळं हातकाम, साचा नाही. शेकरू, खवले मांजर, घोरपड, कासवाची पिल्लं. भट्टी स्वतःची नाही. कच्चा, म्हणजे न भाजलेला, माल सुकवून एसटीने पुण्याच्या एका स्टुडिओत नेते, दोन्ही फायरिंग (भाजण्या) तिथेच. आता एका होमस्टेवाल्यांनी माल ठेवायची तयारी दाखवली आहे. वेळासला कासवं बघायला येणारी मंडळी त्यांच्याकडे उतरतात.

अडचण अशी की शेकरूची शेपटी अंगापेक्षा लांब, ती ताम्हिणी घाटातच मोडते. खवले मांजराची खवलं एकेक चिकटवते, तर भट्टीत चारदोन उडतात, कधी पोटच फुटतं. स्टुडिओतली मुलगी म्हणते आत हवा राहिली. आणि सरसकट १५० रुपये सांगितले की लोक म्हणतात, एवढ्याशा मातीचे? जाणकारांनी सांगावं.

जुनी_भट्टी:
ताई, शेपटी आधी. शेकरू फांदीवर बसलं की शेपटी खाली लोंबते हे खरं, पण मातीला ते झेपत नाही. शेपटी पाठीवरून वर घ्या आणि मानेपाशी टेकवून चिकटवा. दोन्ही टोकं धरलेली असली की मोडायला जागा राहत नाही. कानांचे झुपके आणि तपकिरी-पिवळट अंग नीट असेल तर शेकरू ओळखू येतंच. ज्याला येत नाही तो शेपटी लोंबती ठेवली तरी खारच म्हणणार.

दुसरं, पूर्ण सुकलेला कच्चा माल एसटीत नेऊच नका. त्याच्याइतकं ठिसूळ काही नसतं. लेदर हार्ड, म्हणजे अर्धवट सुकून चामड्यासारखा घट्ट, असतानाच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि पुण्यात सुकू द्या. पावसाळ्यात तर हे कराच, श्रावणात चिपळूणला काय सुकणार!

पोट फुटतं ते हवेने नव्हे, पाण्याने. वरून कोरडं दिसलं तरी जाड पोटात ओल राहते, १०० अंशांच्या पुढे तिची वाफ होते आणि बाहेर पडायला वाट नसली की भांडं असो वा मांजर, फुटतंच. खवल्यांच्या पांघरुणाखाली पोट आणखी हळू सुकतं. म्हणून खालून कोरून घ्या, कुठेही सेंटिमीटरभरापेक्षा जाड ठेवू नका, तळाला सुईने भोक पाडा. स्टुडिओला सांगा, बिस्कच्या (पहिल्या भाजणीच्या) वेळी ८०-९० अंशांवर काही तास थांबा म्हणावं. त्यांची घाई असते, वीजबिल त्यांचं असतं, तरीही सांगा.

खवलं उडतात कारण ती ओली आणि अंग सुकलेलं. दोन्ही आपापल्या गतीने आकसतात. त्यापेक्षा चिकटवूच नका. अंगावर जरा जास्तीची माती ठेवून तिच्यातूनच लहान चमच्याच्या टोकाने खवलं उचलत जा, शेपटीकडून डोक्याकडे. वर जाड ग्लेझ (काचेसारखा चकचकीत थर) दिलात तर सगळं काम बुजेल. बिस्क झाल्यावर लोखंडाच्या ऑक्साइडचं किंवा गेरूचं पाणी लावून ओल्या स्पंजने पुसा. खाचांत राहील तेवढंच पुरे. ग्लेझ द्यायचाच तर तळ कोरडा सोडा, नाहीतर १२२० अंशांना प्राणी भट्टीतल्या फळीला चिकटून बसेल.

आता पैसे. तुमची माती १२ टक्के आकसत असेल तर ५ सेंटिमीटरचा प्राणी ४.४ चा होऊन येतो, आणि गिऱ्हाईक त्या ४.४ कडे बघून भाव करतं. तुम्ही तसं करू नका. मातीचा खर्च सगळ्यात किरकोळ. वेळ, दोन फायरिंग, फुटतूट, दुकानदाराचा वाटा. होमस्टेवाल्यांनी ४० टक्के घेतले तर १५० मधले ९० उरतात, त्यात खवले मांजराला लागलेला वेळ तरी निघतो का? कासवाचं पिल्लू १५० ला द्या, ते पटकन होतं आणि मोडत नाही. खवले मांजर ५०० च्या खाली अजिबात नको. कमी खपतील, खपू देत.

रोजमेळ:
जुनी_भट्टी काकांशी सहमत. होमस्टेला माल जांगडावर (विकला तर पैसे, नाहीतर माल परत) देताय ना? मग दोन प्रतींत यादी करा: नग, दर, वाटा, आणि फुटला तर कोणाचा. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात.

पाटीवर 'खेळणी' लिहू नका. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणून त्यांचं पहचान कार्ड काढून ठेवा. प्रदर्शनात स्टॉल मागतानाही उपयोगी पडतं. तुमच्या वस्तू शोभेच्या, तसंच लिहा. जीएसटीचं म्हणाल तर राज्यातल्या राज्यात माल विकताना वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. शॉपिंग साइटवर किंवा परराज्यात विकायचं झालं तर नियम वेगळे, तेव्हा सीएला विचारा.

सॅनहोजेकर:
इथे कॅलिफोर्नियात हेगन-रेनेकर नावाचा कारखाना होता, १९४५ ला सुरू झालेला, २०२१ ला बंद पडला. त्यांचे इवलेसे प्राणी छोट्या कार्डावर चिकटवून विकायचे. मला जुन्या बाजारात कार्डासकट एक घोडा मिळाला, पाय शाबूत! तुम्हीही करून बघा. कार्डावर प्राण्याचं नाव आणि तो कुठे दिसतो तेवढं छापा. भाव कमी करा म्हणणारे निदान ते वाचत बसतील. :)

खाडीकाठ:
सगळ्यांचे आभार. कार्डाचं लगेच करते. जुनी_भट्टी काका, गेरू म्हणजे आपण कुंडीला लावतो तोच का?

जुनी_भट्टी:
खडा मिळाला तर तोच, कुटून वस्त्रगाळ करा. डब्यातला तयार मिळतो तो घेऊ नका. तो नुसता रंग असला तर भट्टीत जळून जाईल. खडाही आधी फुटक्या तुकड्यावर लावून भाजून बघा, भाजल्यावर बराच काळपट येतो.