मदत हवी आहे : आमच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरवर वर्षागणिक किती खर्च झाला, ते कुठं सापडेल?

नमस्कार मंडळी. मी कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. गावात पस्तीस वर्षं एकच डॉक्टर होते. कुणाला साखरेचा आजार आहे, कुणाला क्षय होऊन गेलाय, सगळं त्यांना तोंडपाठ. तीन वर्षांपूर्वी त्यांनी दवाखाना बंद केला. तेव्हापासून आई प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते. तिथं दीड वर्षात चार डॉक्टर बदलले, चारही कंत्राटी. दर वेळी ती पिशवीतून फाईल काढते आणि पहिल्यापासून सांगायला लागते. गेल्या पावसाळ्यात नव्या डॉक्टरनी बीपीची गोळी लिहून दिली. तीच गोळी तिला आधीपासून चालू होती, फक्त कंपनीचं नाव वेगळं. आठवडाभर तिनं दोन्ही घेतल्या. न्हाणीत चक्कर येऊन पडली तेव्हा मी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून त्यावरची नावं वाचली.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. माणूस टिकतच नाही तर ओळख कुठून होणार? मला ग्रामसभेत आकडे मांडायचे आहेत, 2005 साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हापासूनचे.

देशाचे आकडे मिळाले. सरकारचा आरोग्यखर्च 2014-15 मध्ये जीडीपीच्या 1.13 टक्के होता, 2021-22 मध्ये 1.84. एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा त्याच काळात 62.6 वरून 39.4 टक्क्यांवर आला. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात तर दोन तृतीयांश किंवा जास्त पैसा प्राथमिक सेवेला द्यायचं म्हटलंय. पण आमच्या केंद्रातल्या खुर्चीपर्यंत त्यातलं काय पोचलं? इकडं आयुष्मान आहे, तिकडून महाराष्ट्रानं 2023 मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना द्यायचं ठरवलं. दोन्हींचा भर दवाखान्यात दाखल होण्यावर. बीपी रोजचं, त्याला रोजचा डॉक्टर लागतो.

बहीण लेस्टरला असते. तिथं जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं, आणि नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर त्या दवाखान्याला सरकारचे पैसे ठरतात. हिशेब सरळ दिसतो. आपल्याकडे बजेटमध्ये ही रक्कम कुठल्या ओळीत असते? आणि माहिती अधिकाराचा अर्ज मराठीत चालेल का?

— मलप्रभाकाठी

प्रतिसाद (हिशेबनीस) :

आईंना आता बरं आहे ना? जुन्या गोळ्यांची रिकामी पाकिटं फाईललाच टाचून ठेवा.

बजेटमध्ये लेखाशीर्ष (खर्चाच्या खात्याचा क्रमांक) 2210 बघा. त्यात 03 म्हणजे ग्रामीण आरोग्य सेवा, ॲलोपॅथी. त्याखाली 103 म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रं. हे क्रमांक सगळ्या राज्यांत सारखेच, त्यामुळं कन्नड वाचता येत नसेल तरी आकड्यावरून ओळ सापडते. कंत्राटी डॉक्टरांचा पगार मात्र तिथं शोधू नका, तो बहुधा अभियानाच्या हिशेबात असतो. दोन्ही मिळवा, मग महागाई वजा करा. नाहीतर 2005 चा रुपया आणि आजचा रुपया एकाच रांगेत बसतील आणि ग्रामसभेत कुणीतरी तुम्हाला तिथंच अडवेल.

अर्ज कायद्यानुसार इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा, म्हणजे आपल्याकडे कन्नडमध्ये. फी 10 रुपये. कर्नाटकच्या नियमात एका अर्जाला एकच विषय आणि 150 शब्द, म्हणून खर्चाचा अर्ज वेगळा करा आणि मंजूर व भरलेल्या पदांचा वेगळा. केंद्राचं नाव व्यनि (खासगी निरोप) करा, कन्नड मसुदा मी लिहून देतो.