दस्ता, कुंदा आणि 'बसणे'

चौकस : शॉटगनच्या स्टॉकवर, म्हणजे खांद्याला टेकतो त्या मागच्या भागावर, मराठीत टिपण लिहितोय. स्टॉकला 'दस्ता' म्हणू की 'कुंदा'? आणि 'गन फिट'ला, म्हणजे बंदूक नेमबाजाच्या अंगाला जुळण्याला, काय? 'योग्य जुळणी' लिहिलं, पण ते पंपाचे सुटे भाग जोडल्यासारखं वाटतं.

छर्रा : दस्ताच लिहा. कुंदा कळतो, पण हिंदीकडे झुकतो. दस्ता आला फारसी 'दस्त' म्हणजे हातावरून; चोवीस कागदांचा दस्ता त्याच घरचा. गंमत म्हणजे शॉटगनच्या दस्त्याचं खरं नातं हाताशी नाही, गालाशी. पुढे नळीवर माशी, म्हणजे नेम धरायचा छोटा मणी, असते, मागे बहुधा काहीच नसतं. मागची खूण म्हणजे तुमचा डोळा. गाल टेकतो ती दस्त्याची वरची कड उंच असली की डोळा वर राहतो आणि छर्रे वरून जातात. डोळ्यापासून माशी 36 इंच धरा. कडेतला 1/16 इंचाचा फरक 16 यार्डांवर, म्हणजे 576 इंचांवर, पुरता एक इंच होतो.

आणि 'फिट'ला शब्द कशाला शोधता? बंदूक अंगाला 'बसते'. नाही बसली तर धक्का बसतो!

चौकस : झकास. मग 'दस्ता खांद्याला लागला पाहिजे' चालेल?

छर्रा : नको हो. लागला म्हणजे टेकला की दुखला? 'टेकला' लिहा. लांबी मोजतात घोड्यापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंत, साधारण 14 ते 14½ इंच. लांब झाला तर बगलेत अडकतो, आखूड झाला तर अंगठा नाकावर आदळतो. नाक आणि अंगठा यांत दोन-तीन बोटं जागा हवी. दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवून बोट पोचतं का बघायची जुनी रीत आहे, पण तिला मान आणि गाल कुठे दिसतात?

मात्रा : घोडा नव्हे, चाप. बोटाने ओढतो तो चाप; आपटतो तो घोडा.

छर्रा : मान्य. चापापासून.

चौकस : आणि 'कास्ट'? उजव्या खांद्यासाठी दस्ता किंचित उजवीकडे वळवलेला असतो, तो?

मात्रा : बाक. उजवा बाक, डावा बाक. अक्रोडाचा दस्ता गरम तेलाने तापवून खरोखरच वाकवतात.

छर्रा : बाक म्हटलं की मला शाळेतलाच आठवतो. पण लिहा, दुसरा सुचत नाही.