पायाच्या धमन्यांचा आजार आणि नैराश्य: ओळखायचं कसं, गोळी कोणती?

चालपट्टी: पायाच्या धमन्या अरुंद झालेल्यांचे चालण्याचे व्यायाम घेते. एक रुग्ण, वय ६८, मधुमेह, अँजिओप्लास्टी झालेली. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल, चालताना पाय दुखू नये म्हणून सिलोस्टाझोल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, शिवाय पित्तासाठी ओमेप्राझोल. चौथ्या आठवड्यापासून येणं बंद. झोप नाही, जेवण निम्म्यावर, "आता काय उपयोग" हे पालुपद. घरचे म्हणतात, पाय असा दुखला तर कुणीही खचेल. हे नैराश्य धरायचं का? आणि गोळी लागलीच तर चालू औषधांशी कुठली जमणार नाही?

मनोमन: कारण समजण्यासारखं आहे म्हणून उपचार नकोत, असं होत नाही. हाड का मोडलं ते कळलं तरी प्लास्टर घालतोच ना!

फक्त झोप, भूक, थकवा यांवरून निदान करू नका. धमन्यांच्या आजारातही ही तिन्ही बिघडतात. झोप कशाने मोडते ते विचारा. आडवं झाल्यावर पाऊल ठणकतं आणि पाय पलंगाखाली सोडला की उतार पडतो, असं असेल तर ते विश्रांतीतलं दुखणं आहे. तेव्हा व्यायाम थांबवून आधी व्हॅस्क्युलर सर्जन, तेही तातडीने. पाय शांत असूनही पहाटे जाग येते, नातवंडं आली तरी मन रमत नाही, "मी सगळ्यांना ओझं" हे सुटत नाही, तर रोख नैराश्याकडे.

पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरून घ्या: मागचे २ आठवडे, ९ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण. एकूण १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञाची मुलाखत हवी. नवव्या प्रश्नाला (मरणाचे, स्वतःला इजा करण्याचे विचार) शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरीज करत बसू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ, आणि गोळ्या-इन्सुलिनचा ताबा घरच्यांकडे.

सोबत रक्ताच्या तपासण्या: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), सोडियम आणि बी-१२. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असलं की बी-१२ घसरतं, आणि त्याची मरगळ नैराश्यासारखीच दिसते.

औषधजोड: या यादीवर नैराश्याच्या गोळ्यांपैकी फ्लुओक्सेटिन आणि फ्लुवोक्सामिन टाळा. यकृतातलं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम ती अडवतात. क्लोपिडोग्रेल त्याच्याच मदतीने कामाला लागतं, म्हणून त्याचा जोर कमी होतो. सिलोस्टाझोल मात्र रक्तात साचतं: धडधड, डोकेदुखी. ओमेप्राझोलही हाच उद्योग करतं, तेव्हा नवी गोळी येण्याआधीच डॉक्टरांशी बोलून पँटोप्राझोलवर जाता येईल का बघा.

सर्ट्रालिन बहुधा सोयीचं. हृदयरुग्णांतला त्याचा अनुभव चांगला आहे. पण प्लेटलेट्सना (रक्त गोठवणाऱ्या पेशी) त्या कामात सेरोटोनिन हे रसायन लागतं; ते त्या रक्तातून उचलतात, स्वतः बनवत नाहीत. सर्ट्रालिनच्या गटाच्या गोळ्या ते उचलणं रोखतात, त्यामुळे क्लोपिडोग्रेलसोबत रक्तस्राव वाढू शकतो. काळ्या शौचाकडे लक्ष. पाय दुखतो म्हणून परस्पर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेणं म्हणजे आगीत तेल. वयस्कांत सुरुवातीच्या आठवड्यांत सोडियम पुन्हा तपासतात. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्यांनी उभं राहताना रक्तदाब पडतो, ठोके बिघडू शकतात.

चालपट्टी: धन्यवाद. गोळीचा गुण येईपर्यंत व्यायाम थांबवू का?

मनोमन: विश्रांतीतलं दुखणं किंवा जखम नसेल तर नको. गोळीला ४ ते ६ आठवडे लागतात, आणि व्यायामाने मनालाही उभारी येते. अडचण बहुधा अशी: पोटरी भरून आली की "पाय आणखी बिघडतोय" असं रुग्णाला वाटतं. ते दुखणं ऑक्सिजन कमी पडल्याचं आहे, थांबलं की काही मिनिटांत जातं, हे आधी पटवा. मग मध्यम दुखेपर्यंत चाल, पूर्ण थांबेपर्यंत बसणं, पुन्हा चाल. विश्रांती धरून ३० मिनिटांपासून हळूहळू ६० पर्यंत, आठवड्यातून ३ वेळा, किमान १२ आठवडे. तुमचा रुग्ण नेमका फरक जाणवू लागण्याच्या उंबरठ्यावर गळलाय.

खचलेल्या माणसाला "बरं वाटलं की या" सांगू नका, तसं वाटणारच नाही. वार आणि वेळ बांधून द्या. पहिल्या दिवशी १० मिनिटं झाली तरी वहीत मांडा.

औषधजोड: आणि दर वेळी मोजे काढायला लावून तळवे, बोटांच्या बेचक्या बघा. नैराश्यात घरची पायतपासणी सुटू शकते.