"हल्लीच्या मुलांना आदर्शच नाहीत" म्हणणाऱ्यांना ऐरोलीहून उत्तर

रबाळे_लोकल

परवा 'तानपुरा' यांनी लिहिलं होतं, "हल्लीच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना आदर्शच उरलेले नाहीत. विचारलं तर कोरियन पोरांची नावं सांगतात, नाहीतर शिव्या देणाऱ्या रॅपरची. आमच्या भिंतीवर भीमसेनजी होते, यांच्या भिंतीवर मेकअप केलेले पुरुष." खाली सगळ्यांनी "अगदी खरं" लिहून ठेवलंय. त्यात सोळा वर्षांचं कोणी नव्हतं, म्हणून मी लिहितेय. मी सोळा वर्षांची आहे, ऐरोलीला राहते, कॉलेज ठाण्यात.

माझ्या भिंतीवर दोघं आहेत. एक बीटीएस या कोरियन बँडचा रॅपर आरएम. तो सोलजवळच्या इल्सान नावाच्या शहरात वाढला. मोठ्या शहराच्या शेजारचं गाव म्हणजे काय, हे ऐरोलीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. सप्टेंबर 2018 मध्ये तो संयुक्त राष्ट्रांत बोलला, तेव्हा त्याने सुरुवात इल्सानपासूनच केली. नऊ-दहा वर्षांचा असताना लोक काय म्हणतील याची काळजी सुरू झाली आणि आपण दुसऱ्यांच्या नजरेने स्वतःकडे बघायला लागलो, असं तो सगळ्या जगासमोर बोलला. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सातवीत होते, वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नव्हते. मला तोपर्यंत वाटायचं, हे फक्त माझंच आहे.

दुसरी जेमिमा रॉड्रिग्ज. 30 ऑक्टोबर 2025, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, ऑस्ट्रेलियाविरुद्ध महिला वर्ल्ड कपची सेमीफायनल, 339 चं लक्ष्य, नाबाद 127. हे सगळ्यांना पाठ आहे. मला त्यानंतरचं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याच स्पर्धेत तिला एका सामन्यातून वगळलं होतं. जिंकल्यावर ती म्हणाली की या दौऱ्यात मी जवळजवळ रोज रडलेय, मला प्रचंड घालमेल होत होती. शतक मारून सामना जिंकून दिलेली मुलगी हे सांगत होती. गिटार वाजवते, रील्स टाकते म्हणून हिलाच लोक "आधी क्रिकेटकडे लक्ष दे" असं ऐकवायचे.

आमच्या शाळेत 'माझा आदर्श' हा निबंध दरवर्षी असायचा. त्यातली माणसं कधीच घाबरत नसत. लहानपणापासून तेजस्वी, संकटांवर मात, मग महान. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो तेव्हा त्यांचा काहीच उपयोग होत नाही, कारण त्यांच्या पोटात कधी गोळा आलेलाच नसतो. मला घाबरणारी आणि तरीही मैदानात उतरणारी माणसं हवीत.

आणि रॅपर म्हणजे शिव्या? अमरावतीचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडी मराठीत शेतकऱ्यांवर, जातीवर लिहितो. आधी ऐका तरी.

तानपुरा

अगं, तू नीट लिहिलंस, म्हणून मीही नीट उत्तर देतो.

माझा आक्षेप कोरियाला नाही. आदर्श ही बघायची गोष्ट नाही, करायची गोष्ट आहे. आम्ही भीमसेनजींचा फोटो लावला आणि पहाटे उठून खर्ज, म्हणजे खालचा सा, लावला. बेसूर लावला, शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण लावला. तुमच्या पिढीत आदर्श म्हणजे फॉलो करणं. त्याने काय खाल्लं, कुठला स्वेटर घातला, विमानतळावर कसा दिसला. यातून गाणारा एक तरी तयार होतो का?

ही कोरियन मुलं ज्यातून येतात तो कारखाना आहे. वर्षानुवर्षं प्रशिक्षणार्थी म्हणून ठेवायचं, वजनापासून केसांच्या रंगापर्यंत सगळं कंपनीने ठरवायचं. तिथे करार इतके लांब असत की 2009 मध्ये कोरियन सरकारच्या आयोगाला सात वर्षांची मर्यादा घालावी लागली. भीती व्यवस्थित लिहून घेऊन माइकवर बोलणं हेही त्या मालाचा भाग असू शकतं, हे तुला कधी वाटलं नाही?

मी ठाण्यात राहतो. पं. राम मराठे याच गावात राहिले, त्यांच्या नावाने महापालिका महोत्सव करते. मोठमोठे गायक येतात, तिकिटाचा फारसा प्रश्न नसतो. पुढच्या रांगांत सगळी पांढरी डोकी. मागे वळून पाहिलं तरी पांढरीच. मला याचा राग येतो आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही.

पाचपाखाडीची_आई

तानपुरा, तुमचं राहू द्या, माझं ऐका. मुलगी नववीत. अल्बम मागवते. अल्बममध्ये काय, तर फोटोचे छोटे कार्ड. कुठलं कार्ड निघेल ते आधी माहीत नाही, म्हणून हवं ते मिळेपर्यंत तोच अल्बम पुन्हा मागवायचा. गाणी सगळी फोनवर फुकट आहेतच, मग हे पैसे कशाचे? वाढदिवसाचे पैसे, आजीने दिलेले पैसे, सगळं त्यात. विचारलं तर "तुला नाही कळणार". मला हिशेब चांगला कळतो. घाबरणाऱ्या माणसाने माझ्या मुलीच्या पाकिटात हात घालू नये एवढंच माझं म्हणणं आहे.

सेक्टर_सात

निदान कोरियन गाणी कानात ऐकतात हो. आमच्याकडे घणसोलीत या. लग्नसराईत गावात हळद असली की रात्री एक-दीडपर्यंत डीजे. खिडक्यांच्या काचा हलतात. माझे वडील हृदयरोगी, आई कानात कापूस घालून बसते. तक्रार केली की पोलिसांची गाडी येते, आवाज कमी होतो, गाडी गेली की पुन्हा सुरू. आणि याला संस्कृती म्हणायचं! मुलांच्या आवडीनिवडीवर चर्चा करण्याआधी हा धांगडधिंगा कोणी थांबवेल का? अशी गाणी ऐकून वाढणाऱ्या मुलांपुढे आदर्श कसले असणार?

घणसोलीकर

शेवटचं वाक्य मागे घ्या.

आवाजाबद्दल बोला, जरूर बोला. "अशी गाणी ऐकून वाढणाऱ्या मुलांपुढे आदर्श कसले" हे तुम्ही कोणाबद्दल म्हणताय, ते मला कळतं. मी त्याच गाण्यांवर वाढलोय. आगरी आहे. तुमचा सेक्टर सात जिथे उभा आहे तिथे आमची भातशेती होती. 1970 मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली आणि ठाणे-रायगडच्या 95 गावांची जमीन गेली. आमचं गाव तुमच्या सोसायटीशेजारी नाही, तुमची सोसायटी आमच्या गावाशेजारी आली.

आदर्श विचारताय ना? आमच्या घरात दि. बा. पाटलांचा फोटो आहे, जमीन गेलेल्यांचे नेते. जानेवारी 1984 ला जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के जमीन परत मिळाली. माझे आजोबा त्या गर्दीत होते. 2021 च्या जूनमध्ये नवी मुंबई विमानतळाला दिबांचं नाव द्यावं म्हणून सिडको भवनावर मोर्चा निघाला तेव्हा मी बारावीत होतो. वडिलांनी नको म्हटलं तरी गेलो. तिथे घोषणांच्या मध्ये कोणती गाणी वाजत होती सांगू? हीच, ज्यांना तुम्ही धांगडधिंगा म्हणता. तीच चाल, तोच ठेका, शब्द दिबांचे.

त्यामुळे आमच्या मुलांना आदर्श नाहीत हे पुन्हा म्हणू नका.

सेक्टर_सात

जमीन मी घेतली नाही. वीस वर्षांचं कर्ज काढून दोन खोल्यांचं घर घेतलं. 1984 च्या गोळीबाराचं मला दुःख आहे, पण त्याचा माझ्या वडिलांच्या छातीतल्या धडधडीशी काय संबंध? नियम 2000 सालापासून आहे. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. तो आगऱ्यांना लागू, गुजरात्यांना लागू, गणपतीला लागू, गरब्याला लागू. आमच्या सोसायटीतल्या नवरात्रीविरुद्धही मीच तक्रार करतो, म्हणून तिथेही माझ्याशी कोणी बोलत नाही.

मुलांबद्दलचं वाक्य घाईत लिहिलं गेलं. ते सोडून द्या. आवाजाचं सोडणार नाही.

घणसोलीकर

सोडून दिलं.

आता आवाजाचं. रात्री एकला डीजे वाजतो ते मलाही पटत नाही. हे गावात बोललो की चुलते म्हणतात, "तू सेक्टरवाल्यांचा झालास." पण माझं कारण तुमच्यापेक्षा वेगळं आहे. आमच्या लग्नात धवलारीण असते. बाई असते ती. लग्नाचे विधी ती गाण्यांतून पार पाडते, त्या गाण्यांना धवले म्हणतात. मांडव, हळद, प्रत्येक टप्प्याचं गाणं वेगळं, सगळं तोंडपाठ, वहीत काही नाही. माझी आजी तिच्यामागे गायची. आता धवलारीण मांडवात बसते आणि बाहेर डीजे सुरू असतो. ती काय गाते ते नवरीलाही ऐकू येत नाही. चुलतबहिणीच्या लग्नात मी भांडून अर्धा तास डीजे बंद करायला लावला. तेवढ्यात म्हाताऱ्या बायका पुढे सरकून बसल्या, दोघी रडायला लागल्या. मग पोरांनी आरडाओरडा केला आणि पुन्हा सुरू झालं.

तानपुरा साहेब, तुम्ही गाण्यावर जीव टाकणारे आहात. तुमच्या पांढऱ्या डोक्यांच्या महोत्सवात धवलारणीला कधी बोलावलंत? तिचाही रियाजच आहे. तिला गुरू-शिष्य परंपरा नाही असं कोण म्हणेल?

जुना_रेडिओ

मी नौपाड्यात वाढलो, वय सत्तरीपुढे. दोन गोष्टी नोंदवतो.

1952 मध्ये केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. का, तर पोरं बिघडतात, अभिजात संगीत ऐकत नाहीत. लोकांनी काय केलं? रेडिओ सिलोन लावला. अमीन सायानींचा आवाज आमच्या चाळीत एका घरात लागायचा आणि सगळा मजला ऐकायचा. शेवटी 1957 मध्ये सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. त्याआधी 1940 मध्ये याच आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली होती, ते परदेशी वाद्य म्हणून. ती तीस वर्षं टिकली. आज तानपुरांच्या महोत्सवात पेटीशिवाय मैफल होते का?

दुसरं म्हणजे भीमसेनजी अकराव्या वर्षी घरातून पळून गेले. तिकिटाविना गाडीत बसले, गाणी म्हणत ग्वाल्हेरपर्यंत, पुढे जालंधरपर्यंत गेले. वडील शोधत होते. आज कोणाचा मुलगा असा गेला तर आपण त्याला आदर्श म्हणू का? फोटो लावला की माणसाचं हे सगळं पुसलं जातं. रबाळे_लोकल म्हणते ते मला म्हणूनच पटलं.

तानपुरा

भीमसेनजी पळाले ते गुरू शोधायला. परत आल्यावर सवाई गंधर्वांकडे राहून पाणी भरलं, कष्ट केले आणि मग गायले. पळण्याला पुढचा अर्थ त्या कष्टांनी दिला. हे अर्धंच सांगणं मला मान्य नाही.

पेटीचा मुद्दा बरोबर आहे. माझे गुरुजी पेटीच्या साथीला अखेरपर्यंत नाकं मुरडत आणि मी पेटी घेऊनच गातो, त्यामुळे मला तिथे बोलता येत नाही.

घणसोलीकर, मी कोणत्याही समितीवर नाही, बोलावणं माझ्या हातात नाही. पण धवले मी आजवर ऐकलेले नाहीत, आणि चाळीस वर्षं गाण्यात काढून ते ऐकलेले नाहीत हे मला आवडलेलं नाही. ध्वनिमुद्रण असेल तर पाठवा.

आणि मुली, तुझ्या सौरभ अभ्यंकरचं ऐकलं. शब्द दमदार आहेत. लय पक्की आहे. सूर नाही. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात शब्द होते, चीड होती आणि चालही होती. मी सूर नसलेल्याला गाणं म्हणणार नाही. माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस. त्या फोटोमुळे तू काय करतेस?

रबाळे_लोकल

देते.

आधी पाचपाखाडीची आई: कार्डांचं तुमचं बरोबर आहे. कंपनी ते मुद्दाम करते, आमच्यातल्याही खूप जणी त्यावर चिडतात. मी अल्बम विकत घेत नाही. पण मुलीला "तू मूर्ख आहेस" या सुरात विचारलंत तर ती "तुला नाही कळणार" एवढंच म्हणणार. एकदा तिच्याबरोबर बसून गाण्याचे अर्थ वाचा, पैशांचं नंतर बोला.

काका, मी लिहिते. मराठीत. चार ओळी बसवायच्या, मोजायच्या, मोठ्याने म्हणायच्या, तोडून पुन्हा लिहायच्या. ट्रान्स-हार्बरला गर्दी नसली तर ऐरोली ते ठाणे तेच करते. कॉलेजच्या कार्यक्रमात एकदा उभी राहिले. मधेच दोन ओळी विसरले, गप्प झाले, मग पुढच्या ओळीपासून सुरू केलं. सातवीतली मी स्टेजवर गेलेच नसते. हे आरएममुळे झालं. तुम्ही खर्ज लावलात, मी ओळी लावते.

त्याची भीती विकायला ठेवलेली होती का, हे मला तपासता येणार नाही. कंपनी पैसे कमावते हे मला सातवीतही माहीत होतं. पण भाषण विकलं गेलं म्हणून माझा वर गेलेला हात खोटा ठरत नाही. आणि तुम्ही माझ्या प्रश्नाकडे अजून वळलाच नाहीत. तुमच्या आदर्शांना भीती वाटत होती, हे तुम्हाला कोणी कधी सांगितलं का?

तानपुरा

नाही सांगितलं. गुरुजींनी एका शब्दाने नाही. मला आजही मैफलीत पहिला षड्ज लावायच्या आधी हात गार पडतात, तंबोरेवाल्यालाही ते कळत असणार. पण मी शिष्यांना सांगत नाही. शिकवणाऱ्याचा धीर सुटलेला दिसला की शिकणाऱ्याचाही सुटतो. भीती आपली आपण गिळायची. माझं मत तेच आहे.

रबाळे_लोकल

मग इथेच आपलं जमत नाही, काका. तुमचे हात गार पडतात हे तुमच्या शिष्यांपैकी एकाला जरी माहीत असतं, तर तो पहिल्या मैफलीआधी घरी पळून गेला नसता. असा एखादा गेलाच असेल ना?

तानपुरा

दोघे गेले.